लेझरने नंबर काढायचाय, दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं मिळालीत, कोणी केलंय का पुण्यात?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी, थोडं मोठं आहे पण प्लीज वाचा. मला सातवीपासून चष्मा आहे, आता वय २६. उजवा मायनस साडेपाच, डावा मायनस सहा आणि वर सिलेंडर (तिरपा नंबर) एक. गेली दोन वर्षं नंबर तोच आहे. हिंजवडीत जॉब आहे, दिवसभर स्क्रीन, येणंजाणं टू व्हीलरवर, पावसाळ्यात हेल्मेटच्या आत चष्मा आणि त्या चष्म्यावर धुकं, वाकड ब्रिजच्या खाली आले की मी अंदाजाने गाडी चालवते असं म्हटलं तरी चालेल. म्हणून बाहेर जाताना कॉन्टॅक्ट लेन्स लावते पण संध्याकाळपर्यंत डोळे लाल होतात. आणि मी ढोल पथकात आहे, वादनात चष्मा म्हणजे नुसता ताप, घामाने नाकावरून घसरतो आणि दोन्ही हात तर ढोलावर.

तर लेझर करायचं ठरवलं. पहिल्या ठिकाणी (नाव नको) तपासलं, म्हणाले एकदम परफेक्ट केस, लॅसिक होऊन जाईल, या रविवारपर्यंत बुक केलं तर डिस्काउंट आहे. काउन्सेलर मॅडमनी तारीखसुद्धा लिहून ठेवली माझी. आईला हे काही पटेना, ती म्हणाली अजून एका ठिकाणी दाखव, मग दोनेक आठवड्यांनी दुसरीकडे गेले. तिथले डॉक्टर म्हणाले लॅसिक नको, तुझं बुबुळ (कॉर्निया) पातळ आहे, पीआरके (दुसऱ्या पद्धतीचं लेझर) कर नाहीतर आत लेन्स बसव, आयसीएल. पहिल्यांनी जाडी ५२१ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लिहिलीये, दुसऱ्यांनी ५०५. आता यातलं खरं काय मानायचं? एकाच डोळ्याची जाडी दोन आठवड्यांत कमी होते का?

शिवाय घरात वेगळंच चालू आहे. आजी म्हणते लग्नाआधी करून घे, बाबा म्हणतात चांगल्या डोळ्यांना कशाला हात लावायचा. आणि मला गणपतीच्या आधी उरकायचंय. ज्यांनी केलंय त्यांनी खरं खरं सांगा, दुखतं का, नंतर त्रास झाला का.

विक्रांत_वाकड

मी केलंय, लॅसिक, बरीच वर्षं झाली, नंबर तुझ्यापेक्षा कमी होता, मायनस चारच्या आसपास. तुला जाडीचं विचारायचंय ते इथे कोणीतरी जाणकार सांगेलच, मी फक्त टेबलावर काय होतं ते सांगतो कारण मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं आणि उगाच टेन्शन आलं होतं.

इंजेक्शन वगैरे नसतं. थेंब टाकून डोळा बधिर करतात, मग पापण्या उघड्या राहाव्यात म्हणून क्लिप लावतात, ती लावताना विचित्र वाटतं पण दुखत नाही. मग वरून एक रिंग डोळ्यावर दाबून बसवतात, सक्शन म्हणतात त्याला, तेव्हा डोळ्यावर चांगलाच दाब येतो आणि काही सेकंद सगळं अंधारतं. मला तिथेच घाम फुटला होता, आधी माहीत असतं तर फुटला नसता म्हणून सांगतोय. त्यात बुबुळाच्या वरच्या बाजूला एक पातळ चकती कापतात, पूर्ण नाही, एका बाजूला जोडलेली राहते, पुस्तकाचं कव्हर उघडावं तशी ती बाजूला करतात, खाली लेझर मारतात आणि परत मिटवतात. टाके नाहीत, आपोआप चिकटते. लेझर चालू असताना तुम्ही फक्त लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघायचं. टकटक आवाज येतो आणि जळका वास येतो. त्या वासाने लोक घाबरतात पण काही जळत नसतं. एक्सायमर लेझर असतो, अल्ट्राव्हायोलेट, १९३ नॅनोमीटर, तो वरच्या थरातले रेणूंचे बंध तोडतो आणि तेवढा भाग उडून जातो, बाजूला उष्णता जवळपास पोचतच नाही.

यावरून एक अवांतर, राहवत नाही म्हणून. हे डोळ्यांसाठी शोधलेलंच नव्हतं. आयबीएममध्ये रंगस्वामी श्रीनिवासन नावाचे शास्त्रज्ञ होते, जन्म चेन्नईचा, ते या लेझरने प्लास्टिक कोरायचा अभ्यास करत होते. १९८१ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी लॅबमध्ये आणलं आणि त्यावर लेझर मारून बघितला, तर कडा एकदम साफ, कुठे करपलेलं नाही. तिथून हे सगळं डोळ्यांपर्यंत आलं. आयटीवाल्यांनी तरी एवढं लक्षात ठेवावं.

असो. घरी आल्यावर चार-पाच तास डोळ्यात मिरची गेल्यासारखी आग आणि पाण्याची धार, डोळे मिटून पडून राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या बिल्डिंगवरची नावं वाचता आली. त्रास म्हणशील तर कोरडेपणा, तो बरेच महिने होता, एसीत जास्त. आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसायची, एक्सप्रेस वेवर समोरून ट्रक आला की वैताग. हळूहळू कमी झालं, पूर्ण गेलं असं म्हणणार नाही.

गोगलगाय

फॉलोइंग. माझाही सहा आहे.

दृष्टी_नीट_ठेवा

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे आणि नंबर तपासते, सर्जन नाही, त्यामुळे हे निदान म्हणून घेऊ नकोस, पण तुझ्या आकड्यांत मला एक गोष्ट दिसतेय ती आधी विचारते. पहिल्या ठिकाणी तपासायला गेलीस तेव्हा लेन्स घालणं बंद करून किती दिवस झाले होते? तुझ्या लिहिण्यावरून तू लेन्स रेग्युलर लावतेस असं वाटतंय.

कारण लेन्समुळे बुबुळाला ऑक्सिजन कमी मिळतो, त्याला थोडी सूज येते आणि ते जाड मोजलं जातं. आकारही बदलतो, म्हणजे पेंटाकॅमचा (बुबुळाचा आकार आणि जाडी मोजणाऱ्या मशीनचा) नकाशासुद्धा चुकीचा येऊ शकतो. म्हणून सॉफ्ट लेन्स असेल तर तपासणीआधी आठवडा ते दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात, सेमीसॉफ्ट असेल तर अजून जास्त. हे विचारल्याशिवाय कोणी तुला तारीख देत असेल तर, काय बोलू. दुसरं कारण असं असू शकतं की दोन्हीकडे मशीन वेगळं असेल, त्यानेही दहा-पंधरा मायक्रॉनचा फरक पडतो.

आता पंधरा-सोळा मायक्रॉनने एवढं काय बिघडतं, तर हिशोब बघ. लेझर एका नंबरमागे साधारण १४ मायक्रॉन खातो, किती मोठ्या भागावर मारणार त्यावर हे थोडं कमीजास्त होतं. डाव्या डोळ्याचे सहा आणि सिलेंडर एक धरले तर सात, म्हणजे ९८. फ्लॅप म्हणजे ती वरची चकती, ती ११० धर. फ्लॅप परत चिकटतो पण त्याची ताकद हिशोबात धरत नाहीत, डोळ्याचा आतला दाब खालच्या थरालाच पेलायचा असतो. ५०५ मधून ११० आणि ९८ गेले की उरले २९७. कमीत कमी २५० तरी राहायलाच हवेत हा जुना नियम, आता बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला नाखूष असतात. अजून एक हिशोब असतो, फ्लॅप आणि लेझर मिळून जाडीच्या ४० टक्क्यांच्या वर गेलं की जोखीम वाढते. ५२१ धरलं तर तू ४० च्या जेमतेम आत बसतेस. ५०५ धरलं तर ४१ च्या वर. म्हणजे दोघांनी आपापल्या आकड्यावरून बरोबरच उत्तर दिलंय, फक्त आकडा कोणता खरा ते बघायला हवं, आणि लेन्स बंद ठेवून आलेला असेल तर मी ५०५ च खरा मानेन.

खालचा थर फार पातळ राहिला तर पुढे काही वर्षांनी बुबुळ पुढे फुगायला लागू शकतं, एक्टेशिया म्हणतात. क्वचितच होतं, पण ज्याला होतं त्याला चष्म्यानेही नीट दिसत नाही. सर्जन नाही म्हणतो तो यासाठी.

पीआरकेमध्ये फ्लॅपच नसतो. वरची पातळ त्वचा, ५० मायक्रॉनच्या आसपास, तेवढी काढतात आणि त्यावरच लेझर, त्यामुळे तुझ्याकडे साडेतीनशे मायक्रॉन शिल्लक राहतील. ती त्वचा परत उगवते. पण उगवेपर्यंतचे चार-पाच दिवस बरे नसतात हे आधीच सांगते.

पेठेतला_काका

माझ्याही एका अनुभवाची भर. मी त्रेचाळिसाव्या वर्षी चौकशीला गेलो होतो, नंबर मायनस तीन. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, मला म्हणाल्या, काका तुम्ही आत्ता पेपर कसा वाचता? म्हटलं चष्मा काढून. म्हणाल्या मग झालं की, नंबर काढला तर लांबचं दिसेल आणि पेपर वाचायला चष्मा लागेल. चाळिशीत डोळ्यातली भिंगं कडक होतात, ती लेझरने सुटत नाहीत, लेझर वरच्या काचेवर मारतात आणि भिंग राहतं आत. एक डोळा लांबचा आणि एक जवळचा असंही करून देतात म्हणाल्या, पण ते सगळ्यांना जमत नाही, आधी लेन्स लावून महिनाभर वापरून बघा. मी विचार केला, मला लांबचं बघण्यासारखं आहेच काय, समोर पार्किंगवरून भांडणारे लोक. नाही केलं.

मुली, तुझं वय २६, तुझ्याकडे वापरायला पंधराएक वर्षं आहेत, तुझा हिशोब वेगळा. पण लग्नासाठी म्हणून करू नकोस. चष्म्यावरून नाही म्हणणाऱ्या घरात जायचंच कशाला.

विक्रांत_वाकड

काका 😄 शेवटचं वाक्य सोडून आजीला वाचून दाखव मृण्मयी. नको, शेवटचंच दाखव.

स्नेहल_चिंचवड

ढोलवाल्या मुलीसाठी स्पेशल. तू टिपरू विसरलीस का? आमच्या पथकात शेजारच्याचं टिपरू सटकून एकीच्या भुवईला लागलेलं मी बघितलंय. लॅसिकचा फ्लॅप वर्षांनंतरही जोराचा मार बसला तर सरकू शकतो, म्हणून बॉक्सिंग, कबड्डी वगैरे खेळणाऱ्यांना बहुतेक डॉक्टर फ्लॅपवालं टाळायला सांगतात. तुझ्या डॉक्टरांना तू वादन करतेस हे सांगितलंस का? नसेल सांगितलं तर सांग. माझं स्माईल झालंय, त्यात फ्लॅप नसतो, आतल्या आत लेझरने एक छोटी चकती कापतात आणि दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून ती ओढून काढतात. पण तुझ्या जाडीत स्माईल पण टाइट होईल असं वाटतं, त्यात एका नंबरमागे जास्त मायक्रॉन जातात. ताई सांगतील.

आणि दुसरं. माझा धाकटा भाऊ पण माझ्यासोबत तपासायला आला होता, त्याला सरळ नाही म्हणाले. पेंटाकॅमवर बुबुळाचा मागचा भाग एका जागी पुढे आलेला दिसला, केराटोकोनस, म्हणजे बुबुळ पातळ होऊन पुढे फुगायचा आजार, सुरू होतोय म्हणाले. त्याला लहानपणापासून अ‍ॅलर्जी, डोळे चोळायची भयंकर सवय. त्याला नंबर काढायच्या ऐवजी सी-थ्री-आर करून आणावं लागलं, म्हणजे व्हिटॅमिन बी-टू चे थेंब टाकून वर अल्ट्राव्हायोलेट, त्याने बुबुळ घट्ट होतं आणि आजार पुढे सरकायचा थांबतो. नंबर जात नाही त्याने. पण लेझर करायला गेलो म्हणून सापडलं, नाहीतर दर वर्षी सिलेंडर वाढतोय म्हणून आम्ही लक्ष्मी रोडला नुसते चष्मे बदलत होतो. त्यामुळे तुझ्या घरात कोणाला केराटोकोनस आहे का तेही विचार, आणि डोळे चोळत असशील तर आजपासून बंद.

दृष्टी_नीट_ठेवा

स्नेहल बरोबर बोलतेय, स्माईलमध्ये वरची टोपी १२० च्या आसपास ठेवतात आणि चकतीही थोडी जाड काढावी लागते, तिच्या डाव्या डोळ्यात ते बसवणं अवघड आहे.

आणि एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही, डोळ्याच्या मागचा पडदा, रेटिना. सहाच्या आसपास मायनस नंबर म्हणजे डोळा लांबीला मोठा, त्यामुळे आतला पडदा ताणलेला असतो. कडेला पातळ जागा असू शकतात, लॅटिस म्हणतात, कधी छोटं भोकही असतं. थेंब टाकून बाहुली मोठी करून पडदा तपासलाय का दोन्ही ठिकाणी? गरज असेल तर आधी त्या जागेभोवती वेगळं लेझर करतात, ते पडद्याचं, नंबरचं नाही. आणि नंबर गेला म्हणून डोळा लहान होत नाही. पडद्याची तपासणी नंतरही दर वर्षी करायची. अचानक लखलख चमकायला लागलं, काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

मृण्मयी_कोथरूड

बाप रे एवढे रिप्लाय! ताई तुमचा अंदाज अगदी बरोबर. पहिल्या ठिकाणी मी ऑफिसमधून थेट गेले होते, रिसेप्शनवर लेन्स काढायला डबी दिली आणि वीस मिनिटांनी आत घेतलं, किती दिवस बंद आहे वगैरे कोणी विचारलंच नाही. दुसऱ्या ठिकाणी अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगितलं होतं की लेन्स बंद करून दोन आठवड्यांनी या. आता कळलं. पडदा पहिल्या ठिकाणी नाही तपासला, दुसऱ्या ठिकाणी तपासला, डोळे संध्याकाळपर्यंत धूसर होते म्हणून रिक्षाने घरी आले. पडदा ठीक आहे म्हणाले. स्नेहल, ढोलाचं नव्हतं सांगितलं, सांगते.

पहिल्या ठिकाणची तारीख कॅन्सल केली. त्यांनी फोन करून अजून पाच हजार कमी करतो म्हणून सांगितलं 🙄

आता पीआरके की आयसीएल? आयसीएल दुप्पटीच्या वर सांगितलीये. इन्शुरन्समध्ये बसतं का काही?

आकडेमोड

इन्शुरन्स विसर. नंबर साडेसातपेक्षा कमी असेल तर चष्म्याच्या नंबरसाठीचा खर्च सगळ्या हेल्थ पॉलिसीतून वगळता येतो, आयआरडीएने (विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) ठरवून दिलेलं स्टँडर्ड कलम आहे ते. तुझा साडेसातच्या आत आहे. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत कधीकधी वेगळं असतं, एचआरला मेल टाकून लेखी घे.

हडपसरचा_नितीन

पीआरके केलेला माणूस हजर आहे. कोणी गोड बोलून फसवू नये म्हणून स्पष्ट लिहितो. पहिला दिवस ठीक. दुसरा आणि तिसरा दिवस वाईट, डोळ्यात वाळू आणि कांदा एकदम, उजेड सहन होत नाही, मी बाथरूममध्ये लाइट न लावता जायचो. वर एक पट्टीसारखी साधी कॉन्टॅक्ट लेन्स घालून ठेवतात, त्वचा भरली की काढतात, ती काढल्यावर मोठा आराम पडतो. पण लॅसिकवाल्यांसारखं दुसऱ्या दिवशी चकाचक दिसत नाही. पहिले दोन-तीन आठवडे कधी स्पष्ट कधी अंधुक, मोबाईलचा फॉन्ट एवढा मोठा केला होता की शेजारी बसलेला माझे मेसेज वाचायचा. ऑफिसची आठवडाभर तरी रजा टाक, वर्क फ्रॉम होम म्हणून ढापू नकोस, स्क्रीन बघवत नाही.

स्टिरॉइडचे थेंब महिनोन्महिने चालतात, हळूहळू कमी करतात, मनाने बंद करायचे नाहीत आणि मनाने चालूही ठेवायचे नाहीत कारण त्याने डोळ्याचा दाब वाढू शकतो. जास्त नंबरात बुबुळावर धूसरपणा येण्याची शक्यता असते, ती कमी करायला ऑपरेशनच्या वेळी मायटोमायसिन नावाचं औषध लावतात, विचार तुझ्या डॉक्टरांना लावणार का. उन्हात गॉगल सक्तीचा. माझा निर्णय चुकला का, अजिबात नाही, सिंहगडावर पावसात चष्म्याशिवाय चढलो तेव्हा सगळं वसूल झालं.

दृष्टी_नीट_ठेवा

आयसीएल म्हणजे तुझं नैसर्गिक भिंग तसंच ठेवून त्याच्या पुढे, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या (आयरिसच्या) मागे एक पातळ लेन्स सरकवतात. बुबुळ पातळ आहे याने तिथे फरक पडत नाही, कोरडेपणा कमी, आणि गरज पडली तर लेन्स काढताही येते. पण हे डोळ्याच्या आतलं ऑपरेशन आहे, बुबुळ आणि भिंग यांच्यामध्ये पुरेशी जागा लागते, लेन्सचा साइज चुकला तर दाब वाढणं किंवा मोतीबिंदू लवकर येणं असे प्रकार होऊ शकतात, म्हणून फॉलोअप चुकवायचा नाही. दहा-बारा नंबर असता तर मी आयसीएलच म्हटलं असतं. तुझ्या नंबरात दोन्ही चालतात. टिपरू, पैसे आणि रजा या तिन्हीकडे बघून मला पीआरके जास्त पटतं, पण कोरडेपणाची टेस्ट करून घे आधी, लाल डोळ्यांचं तू लिहिलंयस त्याची मला शंका आहे. कोरडेपणा असेल तर आधी त्याचे उपचार, मग लेझर.

गणपतीआधी मात्र नको. पथकाची प्रॅक्टिस नदीपात्रात धुळीत, मग विसर्जनाला गुलाल, आणि तुझे डोळे अजून भरत असणार.

पेठेतला_काका

गणपती झाले की नवरात्र, मग दिवाळीचा धूर, मग रंगपंचमी. पुण्यात डोळ्यांना मोकळी तारीख मिळायची म्हणजे कठीणच.

हडपसरचा_नितीन

दिवाळी झाली की लगेच कर. थंडीत घाम नाही, रंगपंचमीपर्यंत भरपूर महिने मिळतात. टू व्हीलरला वायझरवालं हेल्मेट घे, अर्धं नको.

मृण्मयी_कोथरूड

ठरलं मग. आत्ता कोरडेपणाची टेस्ट, यंदा वादन चष्म्यावर मागून इलॅस्टिक लावून, दिवाळीनंतर पीआरके. बाबांना ताईंचा २९७ वाला हिशोब दाखवला, ते अकाउंटंट आहेत, त्यांनी कॅल्क्युलेटर घेऊन तपासला आणि म्हणाले हे पटण्यासारखं आहे. आजीला अजून सांगितलेलं नाही. काजळ कधीपासून लावता येतं तेवढं सांगा कोणीतरी.

स्नेहल_चिंचवड

मला महिनाभर नको म्हणाले होते, तुझ्या डॉक्टरांना विचार. जुनी काजळपेन्सिल फेकून नवीन घे, इन्फेक्शन व्हायला तेवढंच पुरतं.

दृष्टी_नीट_ठेवा

आणि ऑपरेशनच्या आधीचे सगळे रिपोर्ट मागून घे, नंबर, जाडी, पेंटाकॅम. साठीत मोतीबिंदू काढताना आत कोणत्या नंबरची लेन्स घालायची तो हिशोब लेझर झालेल्या डोळ्यात चुकतो, तेव्हा हे जुने आकडे लागतात. पीडीएफ मेलवर माग, आणि कागदच देणार असतील तर पेंटाकॅमची प्रिंट कलरमध्ये माग, सगळी माहिती रंगांतच असते, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये कोणालाच काही कळत नाही.